विषाला औषध म्हणणारी भाषा

विदर्भातल्या कुठल्याही गावात श्रावणात गेलात, तर पारावर किंवा चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास कानी पडतो: ‘औषध मारलं का?’ इथे औषध म्हणजे कीटकनाशक. ढेकणाचं औषध, उंदराचं औषध, तणाचं औषध, धान्यात ठेवायचं औषध. त्याच गावात कुणी रडत येऊन ‘पोरानं औषध घेतलं’ असं सांगितलं, तर ऐकणारा एक क्षण न दवडता गाडी काढतो. म्हणजे औषध हे विष आहे हे भाषेला पक्कं ठाऊक आहे, पण रोजच्या कामात ती ते बोलून दाखवत नाही. हात मात्र रोजच्या कामातलीच भाषा ऐकतात. विष बोटांना लागलं तर माणूस धावत जाऊन हात धुईल. औषध लागलं तर शर्टाला पुसून पुढच्या तासाला लागेल.

रसायनांच्या धोक्याविषयी आपल्याकडे आज कोणते शब्द चालतात, ते कुठून आले, त्यांचा नेमका अर्थ काय आणि काम करणाऱ्या हातांना ते कितपत उपयोगी पडतात, याचा हा आढावा आहे. हे शब्द एका ठिकाणी सापडत नाहीत. शेतातले वेगळे, एमआयडीसीतले वेगळे, रस्त्यावरच्या टँकरचे वेगळे आणि घरातल्या मोरीतले वेगळे. रसायन मात्र बऱ्याचदा तेच असतं.

शेतापासूनच सुरुवात करू. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा झाडावर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त येत होता. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती. माप म्हणजे बाटलीचं झाकण, ढवळायला काठी किंवा सरळ हात, नोझल चोंदलं की तोंडानं फुंकायचं. यातली मिसळण्याची गोष्ट शब्दांच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. बाटलीवरचं लेबल त्या एका बाटलीपुरतं बोलतं. टाकीत तयार झालेल्या मिश्रणाला लेबलच नसतं.

ते लेबल तरी काय बोलतं, हे पाहायला मी १०० मिलिलिटरची एक बाटली घेऊन भिंगासह बसलो होतो. सोबतचं माहितीपत्रक घडीवर घडी घातलेलं, अनेक भाषांत छापलेलं. मराठीचा भाग शोधायलाच वेळ गेला. अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय एक ओळ लागेना. लांबून दिसतो तो फक्त टोकावर उभा केलेला एक चौकोन, मधोमध दोन त्रिकोणांत विभागलेला. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी तो सक्तीचा केला आहे. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात शब्द. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

हा रंग ठरतो ‘एलडी-५०’ या आकड्यावरून. १९२७ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी ही कल्पना मांडली. चाचणीतले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, हा तो आकडा. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल त्रिकोण, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. हिशेब मांडून पाहा: लाल पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाचं, ५० मिलिग्रॅमचं विष ६० किलोच्या माणसाला लावलं तर ३ ग्रॅम होतात. चहाचा चमचाही भरत नाही.

पण हा आकडा उंदरांवरून आलेला आहे आणि एकदाच दिलेल्या मात्रेचा आहे. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या त्रिकोणात येतं, म्हणजे कागदोपत्री दुसऱ्या पायरीवर. प्रत्यक्षात त्याचा एक घोट माणसाला पुरतो. त्याला उतारा नाही, आणि जो पहिल्या दोन दिवसांतून वाचतो त्याची फुप्फुसं पुढच्या दिवसांत हळूहळू निकामी होत जातात. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. पिवळा रंग पाहून ‘लाल नाही ना, मग ठीक’ असं म्हणणाऱ्याला हे कोण सांगणार? हिरव्याचंही तेच. हिरवा म्हणजे लगेच मारत नाही, एवढंच. वर्षानुवर्षांच्या संपर्काबद्दल तो रंग गप्प आहे.

इथे दोन शब्द नीट वेगळे करायला हवेत: धोका आणि जोखीम. बहुतेक मराठी फलकांवर आणि सरकारी कागदांवर दोन्हीसाठी ‘धोका’च लिहिलेला असतो, आणि त्यातून बराच गोंधळ होतो. गावाबाहेरची कठडा नसलेली विहीर हा धोका. आसपास चिटपाखरू नसलं तरी ती धोकाच. त्या वाटेनं अंधारात मुलं जातात का, किती वेळा जातात, हातात बॅटरी असते का, कडेला चिखल असतो का, यावर जोखीम ठरते. कठडा बांधला की विहीर तेवढीच खोल राहते, जोखीम मात्र उतरते. आपल्याकडे पूर्वी अंगावर दागिने किंवा रोकड असलेला प्रवासी ‘जवळ जोखीम आहे’ म्हणायचा. म्हणजे या शब्दात सांभाळण्याची जबाबदारी आधीपासूनच आहे. सुरक्षेच्या शास्त्राला नेमका हाच अर्थ हवा असताना आपण तो शब्द विमा कंपन्यांना देऊन टाकला.

या दोन शब्दांच्या गल्लतीचं एक ठळक उदाहरण कर्करोगाच्या बातम्यांत दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पदार्थांना गटांत घालते. पहिल्या गटात तंबाखू आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे, प्लुटोनियम आहे आणि आपली रोजची सुपारीही आहे. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस त्याच गटात गेलं तेव्हा ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे आले. त्या गटाचा अर्थ तो नाहीच. या पदार्थानं कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, एवढंच गट सांगतो. किती खाल्ल्यावर किती जणांना होतो, हा जोखमीचा प्रश्न वेगळा मोजावा लागतो. गट धोक्याचा होता, मथळा जोखमीचा झाला.

भाषांतरातला आणखी एक शब्द मला कायम सलतो: ‘तीव्र’. इंग्रजी कागदांत ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे एकदाच, थोड्या वेळात झालेल्या संपर्कातून होणारी बाधा. त्याच्या उलट ‘क्रॉनिक’, म्हणजे रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. पहिल्याला आपण तीव्र म्हटलं. मराठी कानाला तीव्र म्हणजे जोरदार. मग ‘तीव्र विषारीपणा नाही’ हे वाक्य वाचून कामगार समजतो की विषारीपणा सौम्य आहे. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, बेन्झिनची वाफ यांपैकी काहीही त्या दिवशी माणसाला पाडत नाही. वीस वर्षांनी पाडतं. ‘लगेचची बाधा’ आणि ‘सावकाश बाधा’ असं लिहिलं असतं तर कुणाचंही काही अडलं नसतं.

कारखान्यात गेलं की एक वाक्य वारंवार भेटतं. तारापूर, डोंबिवली, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, कुठेही जा, जुना हेल्पर नव्याला सांगतो, ‘वासाची सवय होते.’ रसायनांच्या बाबतीत सवय होण्यासारखा घातक प्रकार नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असताना नाकाला कळतो. तोच १०० भागांच्या आसपास गेला की नाकाची नस बधिर होते आणि वास बंद होतो. खाली उतरलेल्या माणसाला वाटतं, गॅस गेला. गटारात, सेप्टिक टाकीत, एफ्लुएंटच्या खड्ड्यात एकापाठोपाठ एक माणसं पडतात ती अशी. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कार्बन मोनॉक्साइडला तर मुळातच वास नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं माणसं गेली ती यामुळेच. आणि जिथे प्राणवायूच कमी आहे तिथे तोंडावरचा काडतुसाचा मास्क काहीही करू शकत नाही. मास्क हवा गाळतो, नवी हवा करत नाही. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की बाहेरून हवा पुरवणारं साधन घेतल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम आहे.

सवयीच्या अगदी उलटाही एक प्रकार आहे. फर्निचर आणि गाड्यांच्या रंगकामात, फोमच्या कारखान्यांत आयसोसायनेट गटातली रसायनं असतात. ती काही जणांच्या शरीराला चेतवून ठेवतात. सुरुवातीला काही होत नाही. मग एक दिवस जराशा वासानं दम लागतो, आणि त्यानंतर अगदी थोडी मात्राही पुरते. कागदावर याला ‘संवेदनकारी’ म्हणतात. हा शब्द वाचून कुणाला काय बोध होईल? शिवाय, मर्यादेच्या आतला आकडाही अशा माणसाला वाचवत नाही.

या मर्यादा म्हणजे काय, तेही पाहू. हवेतल्या वायूचं प्रमाण ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. क्लोरिनचं उदाहरण घेऊ, कारण तो गावोगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात असतो. त्याचे तीन आकडे लक्षात ठेवावेत. भारतीय कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा १ पीपीएम आणि पंधरा मिनिटांची मर्यादा ३ पीपीएम होती. तिसरा आकडा १० पीपीएम. अमेरिकी संस्थेनं ठरवलेली ही पातळी जिवाला तत्काळ धोका असल्याची खूण मानतात. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत हे १० पीपीएम व्हायला किती क्लोरिन लागतो? सुमारे २८० मिलिलिटर वायू, दोन कप चहाएवढा. पाणी केंद्रावरच्या एका ‘टनर’मध्ये साधारण ९०० किलो द्रव क्लोरिन असतो. त्याचा वायू झाला तर तीन लाख लिटर होतात. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीजवळ बंदराच्या आवारात बरीच वर्षं पडून राहिलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरमधून गळती झाली आणि शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं.

या मर्यादांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते कुणी सांगत नाही. पाळी आठ तासांची आहे आणि उरलेले सोळा तास शरीर स्वच्छ हवेत स्वतःला सावरतं, असं ते गृहीत. आपल्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगार बारा तास राबतो आणि बऱ्याचदा त्याच आवाराशेजारी झोपतो. त्याच्यासाठी छापील मर्यादा पुरेशी राहत नाही.

आता आगीचे शब्द. यातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी समजलेला शब्द ‘फ्लॅश पॉइंट’. द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ठिणगी मिळताच भपका व्हावा इतकी वाफ ज्या किमान तापमानाला जमते, ते हे तापमान. पेट्रोलचं उणे ४० च्या आसपास, अ‍ॅसिटोनचं उणे २० च्या जवळ, टोल्युईनचं ४ अंश, मिथेनॉलचं ११. डिझेलचं ३५ च्या वर. म्हणजे पहिले तिघे पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेही भपका द्यायला तयार असतात. नागपूरच्या मे महिन्यात डिझेलही त्या रेषेपार जातं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातले अ, ब, क हे वर्ग याच तापमानावर पाडले आहेत: २३ अंशांखाली अ, तिथून ६५ पर्यंत ब, पुढे ९३ पर्यंत क. कोशांतून या तापमानाला जड संस्कृत प्रतिशब्द दिलेले आढळतात. गॅस पेटवायला उशीर झाला की ‘भपका झाला’ असं घराघरांत म्हणतात. ‘भपक्याचं तापमान’ म्हटलं तर सांगायचं ते सगळं त्यात आलं.

भपक्याची गोष्ट निघाली की ‘रिकामा’ या शब्दापाशी थांबावंच लागतं. बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पोटासाठी हार्टफर्डच्या एका अग्निविमा कंपनीत आगीची कारणं तपासायचा. त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि रिकाम्या पिंपांजवळ बेफिकीर सिगारेट ओढतात. प्रत्यक्षात रिकामं पिंप जास्त वाईट, कारण त्यात वाफ आणि हवा यांचं पेटायला तयार असलेलं मिश्रण भरलेलं असतं. शब्द ‘रिकामं’ म्हणतो आणि माणूस शब्दाप्रमाणे वागतो. भाषा आणि विचार यांच्या नात्यावर व्होर्फनं जे लिहिलं त्यात हे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ते दर भंगाराच्या दुकानात जिवंत आहे. सॉल्व्हंटचा ड्रम ‘रिकामा’ म्हणून येतो, त्याचं झाकण गॅस कटरनं कापतात, आणि स्फोट होतो. जे ड्रम कापत नाहीत ते धुऊन लग्नाच्या मांडवात पाण्यासाठी उभे करतात. त्यात आधी काय होतं, हे सांगणारा कागद तोवर खरवडून काढलेला असतो.

वाफ जड की हलकी, हेही शब्द साधे आणि जीव वाचवणारे. क्लोरिन हवेच्या अडीच पट जड असतो, तो जमिनीलगत सरकतो आणि खड्ड्यात साचतो. म्हणून पळताना तळघरात शिरायचं नाही, उंचावर जायचं, वाऱ्याच्या आडवं निघायचं. स्वयंपाकघरातला गॅसही जड, तो ओट्याखाली साचतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं, आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

मग येतो एकमेकांशी न पटणाऱ्या रसायनांचा प्रश्न. मुंबईला याचा सर्वांत भयंकर धडा १४ एप्रिल १९४४ ला मिळाला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गाठी. धोक्याचा माल असल्याचा लाल झेंडा जहाजावर नव्हता. कापूस धुमसला, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान स्फोटात सापडले, त्यांतले ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. हेच न पटणं आज आपल्या मोरीत असतं. दारावर येणाऱ्याकडून पाण्याच्या जुन्या बाटलीत घेतलेलं ‘अ‍ॅसिड’ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि शेजारी ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकदम ओतलं की फरशी जास्त स्वच्छ होईल असं वाटतं. प्रत्यक्षात क्लोरिन सुटतो, आणि मोरी तर दहा फुटांची खोलीही नसते.

चिन्हांच्या गावात तर तीन वेगळे कायदे एकदम चालतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ‘जीएचएस’ ही जगभर एकसारखी पद्धत प्रसिद्ध केली. लाल किनारीच्या चौकटीत नऊ चित्रं: कवटी, ज्वाला, गोलावरची ज्वाला, फुटणारा गोळा, हात आणि धातू खाणारा द्रव, सिलिंडर, उद्गारचिन्ह, छातीवर फुटलेली चांदणी आणि मेलेला मासा. यात श्रेणी १ सर्वांत वाईट. कारखान्यांच्या टाक्यांवर मात्र अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचा चार रंगांचा चौकोन रंगवलेला असतो, त्यात ४ सर्वांत वाईट. त्या चौकोनात निळा म्हणजे आरोग्याला अपाय आणि पिवळा म्हणजे अस्थिर, फुटण्याची शक्यता. शेतकऱ्याच्या बाटलीवर निळा म्हणजे तिसऱ्या पायरीचं विष. तिथल्या निळ्यावर ‘डेंजर’ लिहितात, तर जीएचएसमध्ये ‘डेंजर’ हा सर्वांत वरचा इशारा आहे. सकाळी शेतात फवारणारा आणि रात्रपाळीला एमआयडीसीत जाणारा माणूस महाराष्ट्रात काल्पनिक नाही. त्यानं एकाच दिवसात निळ्याचे दोन अर्थ धरायचे. गोलावरची ज्वाला हे चित्र तर शिकलेल्यांनाही चकवतं. साधी ज्वाला म्हणजे ‘हा पेटतो’. गोलावरची ज्वाला म्हणजे ‘हा दुसऱ्याला पेटवतो’, आगीला प्राणवायू पुरवतो. ऑगस्ट २०२० मध्ये बैरुतचं बंदर उडवणारं अमोनियम नायट्रेट या जातीचं. सेंद्रिय पेरॉक्साइडच्या पोटात पेटणारं आणि पेटवणारं दोन्ही असतं, आणि उष्णता चढली की ते स्वतःच तुटू लागतं. मे २०२४ मधल्या डोंबिवलीच्या स्फोटाच्या बातम्यांत पेरॉक्साइडचाच उल्लेख होता.

टँकरचा फलक त्यामानाने चांगला विचार करून बनवलेला आहे. कशेडी घाटात समोरच्या टँकरच्या मागे चार आकडी संख्या दिसते, ती संयुक्त राष्ट्रांची. १२०३ पेट्रोल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १०१७ क्लोरिन, १००५ अमोनिया. वरती एक छोटा संकेत असतो. पेट्रोलवर ‘३वायई’ या अर्थाची अक्षरं: ३ म्हणजे फेस मारा, मधलं अक्षर सांगतं की श्वसनसाधन लावा आणि सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका, शेवटचं सांगतं की माणसं हलवण्याचा विचार करा. टँकर उलटला की लोक कॅन घेऊन धावतात. त्याऐवजी लांबूनच ती चार आकडी संख्या ११२ ला सांगितली, तर अग्निशमन दल योग्य तयारीनं निघतं.

यातले बरेच फलक आणि कागद सक्तीचे व्हायला भोपाळ घडावं लागलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं. ते पाण्याशी चटकन अभिक्रिया करतं, म्हणून ओलं फडकं तोंडावर धरलं असतं तर काहीसा बचाव होऊ शकत होता. वस्तीतल्या कुणाला हे सांगितलेलं नव्हतं, आणि पहाटेपासून रोग्यांची रीघ लागलेल्या डॉक्टरांनाही नेमकं विष माहीत नव्हतं. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगाराला आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम आले, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे. कारखान्यातलं ‘एमएसडीएस’ हे सुरक्षा माहितीपत्रक तेव्हापासून रुळलं. आजच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्याचे १६ भाग असतात. चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा सांडलवंडीचा, आठवा संरक्षक साधनांचा, दहावा कशाशी पटत नाही याचा. हे पाच वाचले तरी निम्मं काम झालं.

कोकणातल्या एका कारखान्यात मी ही पत्रकं पाहायला मागितली होती. ती होती, नीट फायलीत लावलेली, सगळी इंग्रजीत, कुलूपबंद कपाटात. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. रिअ‍ॅक्टरजवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरला मी विचारलं, हे अंगावर उडालं तर काय होतं? त्यानं क्षणात उत्तर दिलं: ‘आधी बुळबुळीत लागतं, मग चुरचुरतं, मग कातडी पोळते. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून बुळबुळीत लागलं की नळाखाली जायचं.’ ते कॉस्टिक होतं. कातडीतल्या चरबीचा साबण होतो म्हणून ते बुळबुळतं. पत्रकाच्या भाषांतरात त्याच्यापुढे एकच शब्द असता: ‘क्षरणकारी’.

या आढाव्यातून माझं जे मत झालं ते त्या ऑपरेटरकडून आलं आहे. धोक्याची मराठी विशेषणांनी न लिहिता क्रियापदांनी लिहावी. क्षोभक, क्षरणकारी, श्वासावरोधक, ज्वालाग्राही, ऑक्सिडीकारक ही विशेषणं पाठ्यपुस्तकात राहू द्यावीत, तिथे ती लागतात. पिंपावर लिहिताना आपल्याकडे चुरचुरणं, झोंबणं, पोळणं, ठसका लागणं, गुदमरणं, गुंगी येणं, अंगाला बाधणं, भपका होणं असे नेमके, एकमेकांपासून वेगळे शब्द आहेत. ‘कातडी पोळते. लागताच पंधरा मिनिटं पाण्याखाली धरा.’ ‘दुसऱ्याला पेटवतो. लाकूड, कापूस, तेल जवळ नको.’ ‘वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही. बाहेर पडा.’ ‘पुढच्या वेळी कमीतही बाधेल. दम लागला तर हे काम सोडा, डॉक्टरला सांगा.’ यात काय होईल आणि हातांनी काय करायचं, दोन्ही आलं. राज्याचं भाषा संचालनालय परिभाषा कोश काढतं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखाने तपासतं. या दोघांनी ऑपरेटर, फवारणारे मजूर आणि टँकरचालक यांना सोबत बसवून शंभर वाक्यांची एक यादी केली, तरी ती जाड कोशापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि कृषी सेवा केंद्रातल्या माणसानं बाटली हातात देताना ‘हे विष आहे’ एवढं तोंडानं म्हणावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आज घरी गेलात की मोरीतल्या फळीवर, जिन्याखाली, गोठ्यात किंवा मोटारीच्या खोलीत पाहा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं काहीतरी तिथे असेल. ती बाटली आधी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. मग जाड पेनानं तिच्यावर मोठ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहा, त्याखाली ‘विष’ लिहा, आणि ते कशात मिसळायचं नाही तेही लिहा.